नाकवाल्या टोमॅटोची अस्सल बरहुकूम नक्कल

त्यांना सगळे बरहुकूम म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव दुसरंच होतं, पण ते आता फक्त ओळखपत्रावर उरलं होतं. एकतीस वर्षं ते नकला देणाऱ्या कचेरीच्या खिडकीत बसले. कुणी जुना दाखला आणला, निकाल आणला, दस्त आणला, की त्याची नक्कल मूळ कागदाशी अक्षर न अक्षर ताडून पाहायची आणि जुळली तर खाली शिक्का मारायचा : ‘अस्सल बरहुकूम नक्कल’. म्हणजे मुळात जसं आहे तसंच इथे आहे, एक काना इकडचा तिकडे झालेला नाही. एकतीस वर्षं एकच वाक्य कागदावर उमटवत बसलं की माणसाचं काय होतं, ते आपल्याला बघायचंय.

काय व्हायचं? डोकं तसंच होतं. कुणी त्यांना विनोद सांगितला आणि सांगता सांगता त्याला ठसका लागला, तर बरहुकूम तो विनोद पुढे सांगताना नेमके त्याच जागी ठसकायचे. लेक शाळेत असताना तिचं प्रगतिपुस्तक आलं, की आधी ते पुस्तकाकडे बघायचे, मग लेकीकडे, मग पुन्हा पुस्तकाकडे. पण एक सांगतो, या माणसाने एकतीस वर्षांत एकदाही खोटी सही केली नाही. वरच्या साहेबाने डोळे वटारले तरी नाही, सख्ख्या मेहुण्याने हात जोडले तरी नाही. मेहुणा तर पुढे चार वर्षं बोलत नव्हता.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना एक बाद झालेला शिक्का भेट दिला. गैरवापर नको म्हणून त्याच्या मधोमध पात्याने खाच पाडली होती, त्यामुळे तो उमटवला की शब्दांच्या पोटातून एक पांढरी रेघ जायची. बरहुकूमांनी तो घरी आणला आणि लोक दागिने ठेवतात त्या कप्प्यात ठेवला.

आता भानगड इथून सुरू होते. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. लेक दुसऱ्या गावी, तिचं घर तळमजल्यावर, पुढे थोडी मोकळी जागा, दोन लहान नातवंडं. बरहुकूम निवृत्त झाले त्याच आठवड्यात काकू, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, “आता चला लेकीकडे. माझ्या गुडघ्यांना हे जिने झेपत नाहीत.”

बरहुकूमांना ते नको होतं. ते मागे एकदा आठ दिवस लेकीकडे राहिले होते. जावई भला माणूस. रोज सकाळी वर्तमानपत्र हातात द्यायचा आणि म्हणायचा, “बसा बाबा.” बाबा बसायचे. आठ दिवस बाबा बसले. त्या घरात त्यांच्यावाचून अडेल असं काहीच नव्हतं, आणि आपल्यावाचून कुणाचंच अडत नाही या विचाराची त्यांना मरणापेक्षा भीती वाटायची. पण असलं काही बायकोला सांगतील तर ते बरहुकूम कसले? त्यांनी गॅलरीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “मग या झाडाचं काय?”

झाड कसलं, टोमॅटोचं रोप होतं. मेलेल्या गुलाबाच्या कुंडीत आपोआप उगवलेलं, वीतभर. काकूंनी ते पाहिलं आणि मनातल्या मनात हिशोब केला. टोमॅटो जगून जगून जगतो किती? चार महिने, फार तर पाच. त्या म्हणाल्या, “बरं. हे झाड जिवंत आहे तोवर इथे राहू. झाड गेलं की त्याच आठवड्यात निघायचं. कबूल?”

“कबूल. पण लिहून ठेवू,” बरहुकूम म्हणाले.

लिहिलं. दोघांच्या सह्या झाल्या. काकूंनी तर हसत हसत सही केली. बिचाऱ्यांना कल्पना नव्हती की आपण काय करून बसलोय.

पहिल्या मजल्यावर एक म्हातारे कंपाउंडर राहायचे. दवाखाना बंद होऊन जमाना झाला होता, पण इमारतीतल्या खोकल्यापासून ढेकणांपर्यंत सगळ्यांवर त्यांच्याकडे उपाय असायचा. चौथ्या महिन्यात टोमॅटो पिवळा पडायला लागला तेव्हा बरहुकूम रडवेले होऊन त्यांच्याकडे गेले. कंपाउंडर म्हणाले, “त्यात काय साहेब? पान आणि खोड यांच्या बेचक्यात फुटवा येतो ना, तो वीतभर झाला की खुडा. खालची पानं काढा, पाण्याच्या पेल्यात उभा करा, सावलीत ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात. मग लावा मातीत.”

“ते नवीन झाड होईल,” बरहुकूम म्हणाले.

“नवीन कसलं? बी पेरलं तर नवीन. हे तेच. अगदी तेच, जसंच्या तसं.”

जसंच्या तसं. बरहुकूम जागचे उठले ते थेट चौथ्या मजल्यावर आणि तिथून दागिन्यांच्या कप्प्यापाशी.

त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्याला पुन्हा कामाची वेळ आली. सकाळी दहाला टेबल मांडायचं. फुटवा खुडायचा, भिंग लावून तो मूळ झाडाशी ताडून पाहायचा. पानांचा कातरा, खोडावरची लव, वास सगळं जुळलं, की पेल्याला चिठ्ठी चिकटवायची, तारीख घालायची आणि खाली शिक्का. अस्सल बरहुकूम नक्कल, मधे पांढरी रेघ. दात घासायच्या ब्रशशेजारी पेला, आरशासमोर पेला, फ्रिजवर पेला. काकू एकदा चुकून त्यातलं पाणी प्यायल्या तेव्हा घरात दोन दिवस अबोला होता, आणि तो बरहुकूमांनी धरला होता.

मुळातलं झाड पाचव्या महिन्यात वाळलं. काकूंनी बॅगा काढल्या. बरहुकूमांनी करारनामा काढला.

“झाड मेलं,” काकू म्हणाल्या.

“मेलं नाही. त्याची कुंडी बदलली.”

“अहो, मुळासकट वाळून काडी झालीय समोर.”

“ती जुनी काडी. झाड तिकडे आहे, आरशासमोर.”

काकूंनी लेकीला फोन लावला. लेक म्हणाली, “आई, मी यात पडत नाही. खोली तयार आहे, कधीही या.” ती खोली पुढे सहा वर्षं तयारच होती. आधी त्यात कपडे वाळत पडले, मग जावयाची व्यायामाची सायकल आली, मग सायकलवर कपडे वाळत पडले.

सहा वर्षं. बारा-तेरा हंगाम. काकूंना वाटायचं, आज मरेल, उद्या मरेल, आणि टोमॅटो काही मरायचं नाव घेईना. बरं, फळ तरी देखणं असावं? तेही नाही. त्या झाडाच्या प्रत्येक टोमॅटोला बाजूला एक टेंगूळ यायचं, हुबेहूब नाक. काकूंचं म्हणणं, हे बरहुकूमांच्या आत्याबाईंचं नाक आहे आणि आत्याबाई जिवंत असतानाही अशाच जायचं नाव घेत नसत. तेव्हापासून घरात त्या टोमॅटोंना आत्याबाईच म्हणत. “दोन आत्याबाई चिरून मीठ लावून ठेवल्यात,” असं काकू सांगायच्या, आणि बरहुकूम मुकाट्याने जेवायचे.

हरलेलं माणूस शेवटी मर्मावर बोट ठेवतं. या वर्षी झाडांवर पांढरी माशी पडली. पाचही कुंड्यांतली पानं आकसून गोळा झाली, साबणाच्या पाण्याचाही उपयोग होईना. एकच फुटवा निरोगी सापडला. कंपाउंडर म्हणाले, “हा वाचवा, बाकी उपटून टाका, नाहीतर हाही जाईल.” बरहुकूमांनी काळजावर दगड ठेवून पाच कुंड्या उपटल्या आणि तो एक फुटवा पेल्यात ठेवला. तेव्हा काकू सहज म्हणाल्या, “आणि हा सुकला की तुम्ही रोपवाटिकेतून दुसरा आणून पेल्यात ठेवणार. मला काय कळणार आहे?”

बरहुकूमांचा चेहरा पडला. एकतीस वर्षांत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. ते म्हणाले, “तू मला लबाड म्हणतेस?”

“मी म्हणाले का तसं?”

“आता सीलच होईल,” ते म्हणाले आणि उठले.

तळमजल्यावर एक टेलर होता, त्याला वर बोलावलं. कंपाउंडरना बोलावलं. दोघे पंच. बरहुकूमांनी फुटव्याचं माप घेतलं, पानं मोजली, सगळं कागदावर उतरवलं. मग पेल्याच्या तोंडावर जाड कापड ताणून बांधलं, मधल्या भोकातून फुटव्याचं खोड वर काढलं आणि भोवती लाख वितळवून ओतली. लाखेवर अंगठ्याचा ठसा. वरून आणखी एक कापडी पिशवी, तिच्या गाठीवरही लाख.

“साहेब, त्याला श्वास तरी घेऊ द्या,” कंपाउंडर म्हणाले.

“तपासात ढवळाढवळ नको.”

मग तो पेला त्यांनी लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली टेलरच्या हवाली केली. पंधरा दिवसांनी पंचांसमक्ष उघडायचं ठरलं. काकू हे सगळं बघत दारात उभ्या होत्या. त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, झाड आहे ते, पुरावा नाही. पण सहा वर्षं ज्या टोमॅटोच्या मरणावर डोळा ठेवून बसलो, त्याची बाजू घ्यायची तरी कोणत्या तोंडाने? त्या चहा टाकायला आत गेल्या.

पंधरा दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा आधी वास आला. टेलरने नाक दाबलं. लाख शाबूत होती, ठसा शाबूत होता, गाठ जशीच्या तशी होती. आत फुटव्याचा काळा लगदा झाला होता. अंधार, कोंडलेली हवा आणि खोडाला गरम लाखेचा चटका, जगणार कसा तो? मला विचाराल तर जगातल्या एकाही माळ्याने ही चूक केली नसती. त्यासाठी नकला तपासणारा माणूसच लागतो.

बरहुकूमांनी पेला टेबलावर ठेवला. मग खुर्चीवर बसले, करारनामा पुढे ओढला आणि खाली लिहिलं, ‘आज रोजी झाड मयत.’ सही केली. काकूंना म्हणाले, “लेकीला कळव. याच आठवड्यात निघू.”

काकूंना आनंद झाला, आणि झाला याची लाजही वाटली. दुसऱ्या दिवसापासून बांधाबांध सुरू झाली. काकू खोकी आणायला खाली जायच्या, वर यायच्या, पुन्हा जायच्या. इतकी वर्षं बाजारहाट त्याच करायच्या, पण कधी, ते बरहुकूमांना ठाऊक नव्हतं; दहा ते बारा ते कामात असत. आता काम नव्हतं. ते दाराशी उभे राहून नुसते ऐकत होते. पावलं वाजायची, थांबायची. मग लाकूड कुरकुरायचं. बऱ्याच वेळाने पुन्हा पावलं वाजायची, पुन्हा थांबायची.

ते खाली डोकावले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एक स्टूल होतं, त्यावर काकू बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे मिटलेले. हे स्टूल वाटेत कुणी ठेवलंय म्हणून बरहुकूम सहा वर्षं कुरकुरत होते. खताची पिशवी टेकवायला मात्र तेच वापरायचे.

संध्याकाळी त्यांनी टेलरला विचारलं, “ते स्टूल कुणाचं?”

“माझं,” टेलर म्हणाला. “काकूंसाठी ठेवलंय, झाली की पाच-सहा वर्षं. त्या प्रत्येक मजल्यावर थांबतात. दुसऱ्यावर जरा जास्त. म्हणाल्या, काकांना सांगू नकोस, उगाच त्यांच्या जिवाला घोर लागेल.”

बरहुकूम जिना चढून वर आले. सहा वर्षं त्यांनी भिंग लावून पानांवरची लव तपासली होती, आणि घरातलं माणूस जिन्यात बसतं हे त्यांना टेलरकडून कळत होतं. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की त्या दिवशी ते जेवले नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. सामान चढत असताना टेलर धावत आला आणि बरहुकूमांचा हात धरून त्यांना इमारतीच्या मागे घेऊन गेला. तिथे बोळ होता, बरोबर त्यांच्या गॅलरीखाली, पाण्याच्या टाकीचा गळका नळ आणि टेलरच्या चिंध्यांचा ढीग. “चिंध्या हलवायला आलो तर हे,” टेलर म्हणाला.

चिंध्यांच्या ओल्या ढिगातून टोमॅटोचं झाड उठलं होतं आणि पाइप धरून माणसाच्या उंचीला गेलं होतं. बरहुकूमांना सगळं आठवलं. जास्तीचे फुटवे ते कधी कधी कठड्यावरून खाली टाकायचे. न मापलेले, चिठ्ठी न लावलेले, शिक्का न मारलेले. त्यातला कुठला तरी एक या घाणीत पडला आणि कुणी ताडून न पाहता रुजला. पानांवर एकही माशी नव्हती. मधल्या फांदीला एक लालभडक टोमॅटो लटकत होता आणि त्याला नाक होतं.

“काका, वाचलात,” टेलर म्हणाला. “जिवंत आहे ना? मग जायचं कारण नाही.”

बरहुकूमांनी जिन्याकडे कान दिला. बोळाच्या तोंडातून जिना दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. पावलं वाजत होती, थांबत होती. चौथा. तिसरा. मग स्टुलाचं कुरकुरणं. काकू शेवटचं खाली येत होत्या. त्यांना पोचायला बराच वेळ लागला, आणि तेवढा सगळा वेळ बरहुकूम त्या नाकाकडे बघत राहिले.

काकू बोळात आल्या, झाडासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. “अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “या तर आत्याबाई.”

“हे ते नव्हे,” बरहुकूम म्हणाले.

टेलर चक्रावला. “काका, नाक बघा की.”

“नाक कुणालाही असतं.”

“पण तुमच्याच गॅलरीखाली—”

“कागद आहे? चिठ्ठी आहे? मग विषय संपला.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. या माणसाबरोबर त्यांनी चाळीस वर्षं काढली होती, आणि खोटं बोलताना त्याचा चेहरा कसा होतो हे त्यांना आज पहिल्यांदा दिसत होतं. कान लाल झाले होते, एखाद्या शाळकरी पोरासारखे. त्या म्हणाल्या, “लिहून द्या.”

बरहुकूमांनी खिशातून करारनामा काढला. टेलरच्या पाठीवर ठेवून पाठीमागच्या कोऱ्या जागेत लिहिलं, ‘बोळातील झाड अस्सलाशी ताडून पाहिले. जुळत नाही.’ खाली पूर्ण नावाने सही केली. साहेबाला नाही, मेहुण्याला नाही, ती खोटी सही त्यांनी आज केली. मग मान खाली घालून ते टेम्पोकडे गेले. काकू मात्र बोळात दोन मिनिटं मागे राहिल्या.

टेम्पो सामान घेऊन पुढे गेला, हे दोघे बसने निघाले. गाव मागे पडलं तरी बरहुकूम खिडकीबाहेरच बघत होते. आता उद्या सकाळी दहा वाजता काय, एवढाच विचार डोक्यात होता. बसा बाबा. बाबा बसतील.

काकूंनी मांडीवरच्या पिशवीत हात घातला आणि ओल्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढलं. वीतभर फुटवा होता. खालची पानं नीट काढलेली. सहा वर्षांत त्यांनी झाडाला बोट लावलं नव्हतं, पण बघितलेलं सगळं होतं.

बरहुकूमांनी खिडकीवरून नजर वळवली. “हे काय?”

“टोमॅटो.”

“अगं, पण करार... झाड जिवंत असलं तर तिथून हलायचं नाही असं...”

“कुठलं झाड?” काकू म्हणाल्या. “हे ते नव्हे. तुम्हीच लिहून दिलंय, सहीनिशी.” आणि त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “लेकीला फोन केलाय. ती सायकल हलवून टेबल लावून ठेवणार आहे. मी सांगितलंय, दहा ते बारा बाबांना कुणी हाक मारायची नाही.”

बरहुकूमांनी चष्मा काढून पुसला, मग पुन्हा पुसला. मग फुटवा आपल्या हातात घेतला, तो इकडून तिकडून न्याहाळला आणि म्हणाले, “अजून एक पान काढायला हवं होतं. पाण्यात कुजेल.”

“काढा मग.”

त्यांनी पान खुडलं. रुमाल पुन्हा गुंडाळला आणि गाठ मारली. थोडा वेळ त्या गाठीकडे बघत बसले, आणि मग ती सैल केली, हवा जाईल इतकी.